शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून नुकतेच रुजू झालात? वर्गात तंत्रज्ञान आणायचं तर या क्रमानं आणा

हे लिखाण जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी, द्विशिक्षकी नाहीतर फार तर चारशिक्षकी शाळेत शिक्षणसेवक म्हणून हजर झालेल्या नव्या सर-मॅडमांसाठी आहे. मोठ्या खाजगी शाळेत यासाठी वेगळा माणूस असतो. आपल्याकडे शिकवणारे तुम्ही, वायर जोडणारे तुम्ही आणि फ्यूज उडाला की गावातला वायरमन शोधणारेही तुम्हीच.

आधी एक गोंधळ काढून टाकू. पहिल्या महिन्यात तुमच्या फोनमध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदीचं सरल, शाळेच्या माहितीचं यू-डायस प्लस, पगाराचं शालार्थ, हजेरीचा चॅटबॉट असं बरंच काही येऊन बसेल. ती कार्यालयाची कामं आहेत आणि ती करावीच लागतात. पण त्यातल्या एकानंही पोराला भागाकार येत नाही. 'शाळा डिजिटल झाली' असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारतो, मुलांच्या बाजूनं काय बदललं?

१. आधी पाठ निवडा, यंत्र नंतर

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. टीव्ही येतो, फीत कापली जाते, फोटो निघतात, आणि मग त्यावर लावायचं काय याचा शोध सुरू होतो. तुम्ही पुस्तक घेऊन बसा आणि फळा-खडूनं जे दाखवताच येत नाही असे या सत्रातले चार-पाच पाठ पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. चंद्राच्या कला, हृदयाचं आकुंचन-प्रसरण, इंग्रजी शब्दांचा उच्चार, समुद्र न पाहिलेल्या पोरांना भरती-ओहोटी, बी रुजताना मातीखाली काय चालतं ते.

गुणाकाराची मांडणी, अक्षरवळण, हातच्याची वजाबाकी यांना पडदा लागत नाही. फळ्यावर तुमचा हात कुठे थांबतो, कुठे हातचा घेतो हे मुलं बघत असतात. तयार व्हिडिओत उत्तर भर्रकन येतं आणि ती संधी जाते.

बी रुजण्याचं उदाहरण घ्या. दोन-तीन मिनिटांची चित्रफीत पुरे. बी फुगलं, टरफल फाटलं की थांबवा आणि विचारा, "आता आधी काय बाहेर येणार, मूळ की पान?" वर्गात लगेच दोन पक्ष पडतात. पानवाले जास्त असतात, कारण शेतात त्यांना पानच दिसलेलं असतं. दोन्ही बाजूंची नावं फळ्यावर लिहा आणि मग पुढं चालवा. त्याच दिवशी ओल्या फडक्यात मटकी बांधून वर्गात ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पडद्यावरचं खरं की खोटं हे पोरं स्वतःच तपासतील. चित्रफीत सलग लावून दिली की तिचा सिनेमा होतो.

एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असलेल्या बहुवर्ग शाळेत आणखी एक मोह असतो. पहिली-दुसरीला टीव्हीसमोर बसवायचं आणि आपण पोर्टलवर माहिती भरायची. निकड असते, समजतं. पण त्याला अध्यापन म्हणू नका, आणि सवय तर मुळीच लावू नका.

२. शाळेत काय पडलं आहे ते बघा

नवीन काही मागण्याआधी जडसंग्रह नोंदवही (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही) उघडा आणि कपाट उघडा. दोन्हींत बऱ्याचदा मेळ नसतो. आधीच्या एखाद्या योजनेतला प्रोजेक्टर, बॅटरी मेलेले टॅब, चार्जर हरवलेला लॅपटॉप, खोका न फोडलेला स्पीकर असं काहीतरी हमखास निघतं. प्रत्येक वस्तू चालू करून बघा आणि वहीत तीन रकाने करा: चालते, दुरुस्त होईल, निर्लेखनाला (नोंदीतून कायमची काढायला) पाठवायची. खूप दिवस पडून असलेल्या टॅबची पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगलेली असते आणि ती पेट घेऊ शकते.

सुरुवातीला लागणाऱ्या वस्तू फार नाहीत:

- ४३ इंची टीव्ही किंवा चालू स्थितीतला प्रोजेक्टर
- वेगळा स्पीकर (टीव्हीचा आवाज मागच्या भिंतीवर आदळतो, शेवटच्या रांगेत नुसता घुमतो)
- ३२ किंवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह
- पाच मीटरची एचडीएमआय वायर
- चांगल्या प्रतीचा एक्स्टेंशन बोर्ड, जमल्यास इन्व्हर्टर
- तुमचा फोन

३. वीज आणि बैठक

हे प्रकरण कंटाळवाणं वाटेल, पण निम्म्या डिजिटल वर्गांचं घोडं इथंच पेंड खातं.

वीजबिल हातात घ्या. बिलावर दर-वर्ग छापलेला असतो. शासकीय शाळा 'सार्वजनिक सेवा' या वर्गात मोडते. तिथं 'वाणिज्यिक' असेल तर महावितरणच्या उपविभागाकडे मुख्याध्यापकांच्या सहीनं अर्ज करा. थकबाकी किती आणि ती कोण भरणार, हेही यंत्र यायच्या आधीच ठरू द्या. मीटर काढून नेल्यावर टीव्ही ही शोभेची वस्तू उरते.

वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या खोल्यांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग उपसून ठेवायचा, हे मोठ्या मुलांना शिकवून ठेवा. मुलांनी मात्र प्लगला हात लावायचा नाही, तुम्हाला आठवण करून द्यायची.

टीव्ही की प्रोजेक्टर, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत टीव्हीच्या बाजूनं आहे. प्रोजेक्टरला अंधार लागतो. आपल्या खोल्यांना समोरासमोर खिडक्या, त्या बंद केल्या की मार्च-एप्रिलमध्ये पोरं उकडून निघतात. उघड्या खिडक्यांत दिसायला किमान तीन हजार ल्यूमेनचा प्रोजेक्टर हवा. शिवाय ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० वॅटच्या आत चालतो, प्रोजेक्टर अडीचशे-तीनशे खातो. भारनियमनात इन्व्हर्टरवर टीव्ही कितीतरी वेळ तग धरतो. पट मोठा आणि हॉल असेल तर गोष्ट वेगळी.

टीव्ही कुठे टांगायचा? चोरीच्या भीतीनं तो छताला भिडवतात. मुलं सतरंजीवर बसतात आणि माना वर करून कंटाळतात. बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या थोडी वर पडद्याची खालची कड यावी. चोरीची भीती असेल तर लोखंडी पेटी करून घ्या. ठरवण्याआधी पडद्यावर पुस्तकातलं एक वाक्य लावा आणि स्वतः शेवटच्या रांगेत मांडी घालून बसा. तुम्हाला सहज वाचता आलं तरच जागा बरोबर.

फोन टीव्हीला जोडताना एक सापळा आहे. दुकानदार टाइप-सी ते एचडीएमआय अशी पिन विकतो, पण कमी किमतीच्या बहुतेक फोनमधून चित्र बाहेर जायची सोयच नसते. पिन घेण्याआधी दुकानातच फोन लावून बघा. टीव्हीत मिराकास्ट असेल तर इंटरनेट नसतानाही फोनचं चित्र वर दिसतं. आणि हे काहीही जमलं नाही तर पेनड्राइव्ह आहेच. मला विचाराल तर तोच सगळ्यात भरवशाचा.

४. साहित्य घरूनच उतरवून आणा

वर्गात उभं राहून 'लोड होतंय' म्हणणं टाळा. रेंज शाळेच्या मागच्या चिंचेखाली येते आणि वर्गात जाते, हे गावोगाव आहे.

दीक्षा हे केंद्र सरकारचं डिजिटल शालेय साहित्याचं व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानावर आणि पाठांमध्ये जे क्यूआर कोड आहेत ते याच्याशी जोडलेले आहेत. अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर भूमिका, मंडळ, माध्यम आणि इयत्ता विचारतं. मंडळात महाराष्ट्र राज्य निवडा, नाहीतर भलतंच साहित्य समोर येतं. पाठाचा कोड स्कॅन करा, साहित्य स्वतः आधी पूर्ण बघा आणि मग उतरवून घ्या. उतरवलेलं साहित्य नेटशिवाय चालतं. काही ठिकाणी मात्र मागे नुसती यूट्यूबची लिंक असते, ती उतरत नाही. अशा वेळी दुसरं काही शोधलेलं बरं, कारण ऐन पाठात मध्येच जाहिरात लागते आणि पुढचा अर्धा तास वर्ग त्या जाहिरातीवरच बोलतो.

कोडामागचं सगळंच चांगलं असतं असं नाही. काही चित्रफिती म्हणजे पुस्तकाचं पान मोठ्यानं वाचून दाखवणं. ते तुम्ही जास्त बरं वाचाल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाची ओळख क्यूआर कोडची पुस्तकं अशी झाली, पण कोड छापणं हा त्यातला सोपा भाग. समोरच्या मुलांना काय लागतं ते ओळखून कोडामागे काय ठेवायचं, खरं काम ते.

याशिवाय तीन ठिकाणं फोनमध्ये खूण करून ठेवा.

ई-बालभारतीवर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. पाठातलं चित्र किंवा नकाशा मोठा करून पडद्यावर दाखवायला याइतकं सोयीचं काही नाही.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टींची सचित्र पुस्तकं आहेत, वाचनपातळीप्रमाणे लावलेली. ती उतरवता येतात, छापताही येतात. वाचनात मागे पडलेल्या चौथी-पाचवीच्या मुलाला पहिलीचं पुस्तक हातात द्यायला तुम्हालाही जड जातं आणि त्यालाही लाज वाटते. पडद्यावर सगळ्यांसमोर गोष्ट वाचताना ती लाज राहत नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळायचे प्रयोग, विज्ञान-गणिताला उत्तम. अनेक मराठीत आहेत. लॅपटॉपवर एकदा उतरवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतात. विद्युत परिपथाचा पाठ असेल तर आधी पडद्यावर तार, बल्ब, सेल जोडू द्या. तिथं चुकीची जोडणी केली तर आग दिसते, भाजत मात्र नाही. पण त्यावरच थांबू नका. लगेच खरा सेल, खरा बल्ब आणि वायरचे तुकडे हातात द्या. पडद्यावर जोडणी बरोबर असली की बल्ब लागतोच. खऱ्या वायरचं टोक सोललेलं नसलं की लागत नाही, आणि का लागत नाही हे शोधताना पोरं खरं विज्ञान शिकतात.

५. मराठी टायपिंग एकदाचं नीट लावा

आधीच्या सरांनी ठेवलेल्या प्रश्नपत्रिका तुमच्या संगणकावर उघडल्या तर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतील. त्या श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या असतात. परिवर्तक (फॉन्ट बदलणारं सॉफ्टवेअर) वापरून त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या पद्धतीत, आणता येतात, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, तिथं हमखास गडबड होते. यापुढं मात्र सगळं युनिकोडमध्येच करा. फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी निवडलं की बोलून लिहिता येतं. संगणकावर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्ड-मांडणी शिकायला थोडे दिवस बोटं अडखळतात, मग सुटतात.

पहिलीच्या सर-मॅडमांनी इथं जरा थांबावं. बालभारतीच्या पुस्तकात ल पाकळीचा असतो आणि श देठाचा. संगणकावरच्या बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श येतात. आपल्याला फरक जाणवतही नाही. ज्या मुलीनं नुकतंच 'कमळ, लगोरी, शहामृग' वाचायला सुरुवात केली आहे तिला मात्र पडद्यावरचा ल नवं अक्षर वाटतो, आणि ती अडली की आपण म्हणतो, "काल तर येत होतं!" शब्दपट्ट्या किंवा स्लाइड करताना निवडलेल्या फॉन्टमध्ये हे दोन अक्षर आधी टाइप करून पुस्तकाशेजारी धरून बघा.

६. एका फोनवर सगळ्या वर्गाची उत्तरं घ्या

मला आजवरच्या सगळ्या नव्या गोष्टींत खरोखर कामाची वाटलेली ही एक. 'प्लिकर्स' नावाचं अ‍ॅप आहे. मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येकाला काळ्या-पांढऱ्या चौकटींचं एक छापील कार्ड द्यायचं. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं असतात. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते तुमच्या फोनवर दिसतं. शेजारच्याचं बघून कार्ड फिरवायला वाव नाही, कारण प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी.

कार्डं जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. मुलं बोटं नक्षीवर ठेवतात, ती कडेला धरायला शिकवा. नेट लागतं, पण तुमच्या एकट्याच्या फोनला. मोफत खात्यात प्रश्नांची मर्यादा असते, पण एका तासिकेला चार प्रश्नांच्या वर विचारूही नयेत.

प्रश्न कसा घालायचा, तर असा: एक चतुर्थांश आणि एक तृतीयांश यांत मोठा कोण? तोंडी विचारलंत तर पहिल्या बाकावरची दोघं बरोबर सांगतात, बाकीचे माना डोलावतात आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. कार्डं वर गेली की कळतं, बहुतेकांनी एक चतुर्थांश म्हटलंय. चार तीनपेक्षा मोठे, म्हणून! तेव्हा उत्तर सांगू नका. दोन सारख्या भाकऱ्या मागवा, एकीचे तीन वाटे, दुसरीचे चार, आणि विचारा, भूक लागली असताना कुठला वाटा घ्याल? मग पुन्हा कार्डं वर.

नेट अजिबात नसेल तर चार रंगांचे पुठ्ठे आणि "डोळे मिटा, पुठ्ठा वर" एवढ्यावरही हेच साधतं. नोंद तेवढी हातानं करावी लागते.

७. एआयला हाताशी घ्या, गुरुजी करू नका

चॅटजीपीटी, जेमिनी वगैरेंकडून सराव प्रश्न, एकाच उताऱ्याच्या सोप्या-अवघड आवृत्त्या, नाट्यछटेचा कच्चा मसुदा झटपट मिळतो. नुसतं 'चौथीसाठी पाण्यावर प्रश्न दे' म्हणालात तर कुठल्याही राज्यातले प्रश्न येतील. पुस्तकातला परिच्छेद टाइप करून द्या आणि 'फक्त या परिच्छेदावर, मराठी माध्यमाच्या चौथीच्या मुलांसाठी, पाच प्रश्न, त्यातले दोन कारण विचारणारे' असं बांधून मागा.

आलेलं जसंच्या तसं छापू नका. अपूर्णांकाला हिंदीतलं 'भिन्न' म्हटलेलं सापडेल, उत्तरसूचीतलं गणित चुकलेलं सापडेल, आणि स्थानिक इतिहासात तर ठोकून दिलेल्या गोष्टी सापडतील. तुमच्या तालुक्यातल्या किल्ल्याची माहिती त्याला विचारण्यापेक्षा मुलांना आजोबांकडे पाठवा आणि मग पुस्तकाशी ताडून बघा. मुलांची नावं, गुण, आधार क्रमांक यांतलं काहीही त्यात टाकायचं नाही.

८. फोटो, ग्रुप आणि संमती

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. जूनमध्ये पालकसभेतच एक साधा संमतीपत्राचा कागद भरून घ्या: मुलाचा फोटो शाळेच्या ग्रुपवर चालेल का, बाहेर समाजमाध्यमांवर चालेल का, घरी फोन कुणाकडे असतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार उपयोगी पडतं. फोन दिवसभर वडिलांबरोबर कारखान्यावर असेल तर 'व्हिडिओ बघून या' या गृहपाठाला अर्थ नाही.

आधार क्रमांकांची एक्सेल शीट केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या) शिक्षकांच्या किंवा पालकांच्या ग्रुपवर टाकायची पद्धत अजून दिसते. तुम्ही टाकू नका. "सगळेच टाकतात" हे कारण नाही.

९. पैसे आणि कागद

समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषांत संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी. खडू, वीजबिल, दुरुस्ती सगळं त्यातूनच, म्हणजे छोट्या शाळेत टीव्ही त्यातून निघत नाही. मग ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी, माजी विद्यार्थी आणि मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली गावकरी मंडळी. यात्रेला ही मंडळी गावात असतात. तेव्हा भेटा, आणि 'डिजिटल शाळा करायचीय' असं मोघम न बोलता 'या चार पाठांसाठी हा टीव्ही, हे कोटेशन' असं पुढं ठेवा.

लागणारे कागद:

- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव (मागणीचा आणि खरेदीचा)
- कोटेशन, नियमाप्रमाणे तीन, किंवा जेम या सरकारी ऑनलाइन बाजारावरच्या खरेदीची कागदपत्रं
- जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्ड, शाळेच्या नावानं
- देणगी वस्तुरूपात असेल तर देणगीदाराचं पत्र आणि शाळेची पोच
- जडसंग्रह नोंदवहीत अनुक्रमांकासह नोंद

समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. ठरावावर नुसत्या सह्या घेण्यापेक्षा त्यांना एक पाठ पडद्यावर दाखवा. पुढच्या वीजबिलाच्या वेळी तेच उभे राहतात.

विक्रेता 'पहिली ते आठवी सगळा अभ्यासक्रम' असलेलं सॉफ्टवेअर गळ्यात मारायला बघेल. विचारा: वार्षिक शुल्क आहे का, ते संपल्यावर उघडेल का, पुस्तक बदललं तर अद्ययावत करून देणार का? उत्तर लेखी मागितलं की बहुतेक वेळा बोलणं तिथंच आटोपतं.

१०. बदलीची तयारी पहिल्या दिवसापासून

तुमच्या स्वतःच्या नावाचं दीक्षाचं खातं सोडून बाकी सगळ्या खात्यांसाठी शाळेच्या नावानं एक ईमेल काढा. स्वतःच्या ईमेलवर सगळं केलंत तर तुम्ही गेल्यावर प्लिकर्सची कार्डं, ड्राइव्हवरच्या प्रश्नपत्रिका सगळं तुमच्याबरोबर जातं आणि नवे सर शून्यापासून सुरू करतात. पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्या. पेनड्राइव्हवर इयत्ता, विषय, पाठ अशा क्रमानं फोल्डर करा, आणि प्रत्येक चित्रफितीच्या नावातच ती कुठे थांबवायची ते मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. दोन प्रती करा, एक कपाटात आणि एक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विषयतज्ज्ञांकडे. मे महिन्याच्या सुट्टीत वायरी गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायला विसरू नका, उंदीर जूनपर्यंत थांबत नाहीत.